मोखाड्याहून जव्हारला, जोरात

जव्हारला जाऊन आले असं म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. धबधबा बघितला का आणि राजवाडा बघितला का. दोन्ही बघितले, दोन्ही बघण्यासारखे आहेत. ज्यांनी बघितले नसतील त्यांनी दिवाळीच्या सुमाराला जावं. तेव्हा डोंगरउतारांवर खुरासणी फुललेली असते आणि पिवळ्या रंगाने डोळे दिपतात. पण मला विचाराल तर त्या चार दिवसांतला एक रस्ता तेवढा मनात राहिला आहे. बाकीचं मला फोटो बघून आठवावं लागतं.

आम्ही तिघं होतो. मी, माझे यजमान प्रभाकर आणि माझा धाकटा भाऊ सुहास. गाडी सुहासची, नवी कोरी, चंदेरी. तेव्हा मुंबई-पुण्याचा द्रुतगती मार्ग नुकताच झाला होता आणि यंत्रांचे सुटे भाग विकायच्या कामासाठी सुहास दर आठवड्याला त्यावरून जायचा. आमच्याकडे जेवायला आला की त्याचा विषय ठरलेला.

"ताई, असा रस्ता बांधायचा आणि त्यावर पाटी लावायची ऐंशीची! म्हणजे पंचपक्वान्नांचं ताट मांडायचं आणि सांगायचं, नुसता वास घ्या."

प्रभाकर विमा कंपनीत गाड्यांच्या नुकसानभरपाईचं काम बघायचे. अपघात झालेली गाडी जाऊन बघायची आणि अहवाल लिहायचा, हीच त्यांची नोकरी. घरी त्यातलं काही सांगत नसत. पण कुठेही गेलो, अगदी लग्नाच्या हॉलबाहेर जरी उभे असलो, तरी ते परक्यांच्या गाड्यांचे टायर वाकून वाकून बघायचे. ते सुहासला म्हणायचे, "गाडी तुझी कितीही पळेल रे. थांबायचं तुला असतं."

मी मध्ये बसून दोघांना वाढायची. मला कुणाचंच पूर्ण पटत नसे आणि भीती मात्र दोघांच्याही वाटणीची वाटत असे. सुहासच्या मागे बसले की माझा उजवा पाय आपोआप गाडीच्या तळाशी दाबला जातो. तिथे ब्रेक नाही हे कळतं, पण पायाला कळत नाही.

मनोर

अहमदाबाद रस्त्याला लागल्यावर सुहासला वाट मोकळी मिळाली. डावीकडून मालट्रक, उजवीकडून आम्ही. मी खिडकीबाहेर बघायचं सोडून माझ्या पिशवीतले चिवड्याचे डबे पुन्हा पुन्हा नीट लावत होते. मनोरच्या अलीकडे दुभाजकात एक फट होती. त्यातून सायकल हातात धरलेला एक माणूस बाहेर आला. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकलेले. सुहासने ब्रेक दाबला. टायर किंचाळले, डबे माझ्या पायांवर आले. गाडी तिरपी होऊन थांबली तेव्हा तो माणूस आमच्या अगदी समोर उभा होता. त्याने आमच्याकडे बघितलं, सायकल पुढे ढकलली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन मटकन खाली बसला.

"ही काय रस्ता ओलांडायची जागा आहे का?" सुहासचा आवाज चिरकला होता.

"त्याचं घर पलीकडे आहे," प्रभाकर म्हणाले. "घर आधीपासून असेल. रस्ता नंतर मधे आला."

मनोरला चहा प्यायला थांबलो तेव्हा मी सुहासला स्पष्ट सांगितलं, घाटात आणि डोंगरात प्रभाकर चालवतील. नाहीतर मी इथूनच एसटीने परत जाते. तो हसला नाही. त्याने किल्ली टेबलावर ठेवली.

जव्हार

विक्रमगड सोडलं की रस्ता चढू लागतो आणि हवा बदलते. ठाण्याला पंख्याखाली घामाघूम होऊन निघालेलो आम्ही जव्हारला पोचलो तेव्हा मी शाल शोधत होते. हे गाव पूर्वी संस्थानिकांचं होतं, आणि बाजारपेठेत त्याचा थोडा दिमाख अजून राहिला आहे. मी मात्र जव्हार ओळखत होते ते वर्तमानपत्रांतून. वावर-वांगणीची मुलं कुपोषणाने दगावली तेव्हा ही नावं रोज छापून येत होती. बाजारातल्या माणसांकडे बघताना ते मनातून जाईना.

गावात शिरताशिरता एक चाक बसलं. पंक्चर काढणारे इस्माईलभाई साठीचे असतील. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता त्यांनी आमची चौकशी केली आणि मग गावातल्या वादाचीही खबर दिली. शाळेसमोर गतिरोधक हवा की नको यावरून पेठेत दोन तट पडले होते.

"तुमचं काय मत?" प्रभाकरांनी विचारलं. हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय.

"माझं मत?" इस्माईलभाई हसले. "साहेब, इथे प्रत्येकाला गतिरोधक आपल्या दारासमोर पाहिजे. दुसऱ्याच्या दारासमोर झाला की कंबर दुखते. माझा नातू त्या शाळेत जातो म्हणून मला तिथे पाहिजे. ज्याचा भाऊ जीप चालवतो त्याला नको. भांडतोय, होईल काहीतरी."

त्यांनीच सांगितलेल्या खाणावळीत रात्री जेवलो. मटण तिखटजाळ होतं, सोबत नागलीची भाकरी. आमच्याकडे नाचणी पथ्याला खातात, तापातून उठलेल्या माणसाला तिची आंबील देतात. इथे तीच भाकरी रोजची, काळसर आणि खमंग. सुहासने तीन खाल्ल्या आणि त्याचा मूड परत आला. दुसऱ्या दिवशी शिरपामाळला गेलो. सुरतेला जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला होता, असं सांगतात. वर वाऱ्याने उभं राहवेना. तिथेसुद्धा ह्या दोघांचं सुरू झालं. महाराज इतक्या लांब इतक्या लवकर पोचले ते काय ऐंशीची पाटी बघून का, असं सुहास म्हणाला आणि प्रभाकरांनाही हसू आलं. त्या संध्याकाळी मला वाटलं, सहल छान होणार.

पोशेरा आणि परत

तिसऱ्या दिवशी मोखाड्यावरून पुढे पोशेऱ्याच्या बाजूला गेलो. भातकापणी चालू होती. खाचरांतून माणसं वाकलेली, बांधावर पेंढ्या रचलेल्या, आणि हवेत कापलेल्या भाताचा तो ओला गोडसर वास. रस्त्याकडेच्या एका घरी पाणी मागितलं तर त्या बाईंनी बाज अंगणात ओढली आणि कोरा चहा केला. दूध नाही म्हणून त्या ओशाळल्या नाहीत, आणि घाला साखर जास्त असं आम्हीही म्हणालो नाही. गवती चहाचा वास त्याला पुरेसा होता. आमच्याकडे अनोळखी माणूस पाणी मागायला आला की आधी साखळी लावून दार उघडतात. मी तसं त्यांना सांगितलं. त्यांना साखळी कशाला ते कळलंच नाही.

दुपार कलताना परत निघालो. मोखाडा मागे पडला. प्रभाकर चालवत होते, सुहास शेजारी कंटाळून बसला होता. रस्ता अरुंद, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली जाणारं रान. एका वळणापुढे माणसांचा घोळका दिसला. बांबूला चादर बांधून केलेली झोळी दोघांच्या खांद्यावर होती. एक तरुण रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला.

"साहेब, पान लागलं हिला! जव्हारला न्या!"

मला काही कळेना. पान लागणं म्हणजे आम्हाला चुना-कात आठवतो. प्रभाकरांना कळलं. "साप चावलाय," ते म्हणाले आणि त्यांनी मागचं दार उघडलं.

झोळीत विशी-बाविशीची बाई होती. नाव जयवंती. तो तरुण तिचा नवरा, काशिनाथ. कापणी करताना पेंढीखाली हात गेला आणि नाग डसला होता. जीपची वाट बघत ते रस्त्यावर थांबले होते, आणि आलेली एकुलती एक जीप टपापर्यंत भरलेली होती. तिला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. काशिनाथ तिच्या पायाशी दाटीवाटीने बसला. तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजला होता.

प्रभाकर पुन्हा स्टिअरिंगवर बसले. किल्लीला हात लावला आणि तसेच थांबले. मग दार उघडून खाली उतरले.

"सुहास, तू ये इकडे. तू चालव."

"मी?"

"माझ्याच्यानं तेवढ्या जोरात होणार नाही."

एवढंच बोलून ते पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. आमच्या संसारात मी त्यांना असं काही कबूल करताना ऐकलं नव्हतं.

सुहासने गाडी काढली ती काढलीच. खरं सांगते, तो छान चालवत होता. वळणाआधी हॉर्न, वळणात हलका, वळण संपलं की सुसाट. जयवंतीच्या पापण्या खाली येत होत्या. ती त्या उघडायला बघायची आणि त्या पुन्हा मिटायच्या. मी तिचं नाव घेत राहिले. एकदा तिने माझ्याकडे बघितलं आणि जड जिभेने म्हणाली, "बाय, तू दोन दिसतंस."

"जल्दी, भाऊ," काशिनाथ पुढच्या सीटला धरून म्हणाला. पावसाळ्यानंतर तो भिवंडीला बांधकामावर जायचा, तिथली हिंदी त्याच्या बोलण्यात होती. "जल्दी चलाव. जोरात हान."

माझा पाय तळाशी दाबलेला नव्हता. हे मला नंतर आठवलं. त्या वेळी मलाही गाडी अजून पळायला हवी होती.

उतारावर एक डावं वळण होतं. सुहासने हॉर्न दिला. पण वळणापलीकडे रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर भाताचा भारा होता. दोन्ही कानांवरून खाली लोंबणारा. त्याला ऐकू आलं नसावं. सुहासने गाडी उजवीकडे घेतली, पण समोरून काही येईल म्हणून पूर्ण घेता आली नाही. खाडकन आवाज झाला. डावीकडचा आरसा उडाला, काचेवर भाताच्या लोंब्या आपटल्या आणि म्हातारा दिसेनासा झाला.

गाडी थांबली. मागे रस्त्यावर भात पसरलेलं होतं. म्हातारा शेजारच्या चरात पडला होता. पाय हलत होते की नाही ते मला दिसेना.

"थांबू नको!" काशिनाथ ओरडला. "साहेब, थांबू नको, ती मरंल!"

सुहासचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि चेहरा पांढराफटक. तो मागे बघत होता, पुढे बघत होता. प्रभाकरांनी दार उघडलं.

"मी उतरतो. तुम्ही जा."

"भाऊजी, मी मारलं त्याला..."

"जा म्हणतो ना! तिला पोचव. त्यांचं मी बघतो." आणि ते चराकडे धावत सुटले. त्यांना धावताना बघूनही मला कितीतरी वर्षं झाली होती.

गाडी निघाली, पण आता सुहासला जमेना. प्रत्येक वळणावर ती जवळजवळ उभीच राहायची. त्याचा श्वास मला मागे ऐकू येत होता. काशिनाथ हात जोडत होता, रडत होता. जयवंतीच्या छातीवर मी हात ठेवला होता, तो वर यायला फार वेळ लावत होता. जोरात चल, असं माझ्या तोंडाशी आलं. हळू चल, हेही आलं. दोन्ही तसंच राहिलं. शेवटी मी म्हणाले, "सुहास, फक्त समोर बघ. बाकी कशाकडे बघू नकोस." मग तो थोडा सावरला. हॉर्नवरचा हात त्याने जव्हार येईपर्यंत काढला नाही.

सरकारी दवाखाना

जयवंतीला आत नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, मी शाळेत शिकवलेल्या मुलींएवढी. तिने पापण्या उचलून बघितल्या आणि लगेच कामाला लागली. आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. सुहासच्या मोबाइलला रेंज नव्हती, आणि असती तरी प्रभाकरांना फोन कुठे करणार? त्यांच्याजवळ मोबाइलच नव्हता.

"मी जातो परत," सुहास म्हणाला. उठला, गाडीपर्यंत गेला आणि परत आला. "ताई, किल्ली फिरवायला हात धजत नाही."

त्या ओट्यावर बसून मी काय काय बघितलं ते लिहीत नाही. चरातला म्हातारा मी मनात जिवंत केला आणि मारला, कितीदा ते माहीत नाही. त्याच्या गावचे लोक जमले असतील, प्रभाकर एकटेच, आणि हे म्हणजे समोरच्याला आधी बोलू देणारे. काशिनाथ मधेच बाहेर येऊन सांगून गेला, "सुई दिली. दम चाललाय." तो आत गेला की मी पुन्हा फाटकाकडे बघायची.

मग नाशिकहून येणारी लाल एसटी आली. ती स्टँडकडे वळायची सोडून सरळ दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. एसटीचा वेग कारखान्यातच आवळून दिलेला असतो, सुहास तिला नेहमी बैलगाडी म्हणायचा. आधी कंडक्टर उतरला, मग प्रभाकर, शर्टावर सगळं भाताचं तूस. दोन प्रवाशांनी हातांची खुर्ची करून म्हाताऱ्याला उतरवलं. तो बसलेला होता. डोळे उघडे होते. मी ओट्यावर बसल्या जागीच रडले.

त्यांचं नाव लहानू. डावी नडगी मोडली होती. सुहास पुढे झाला आणि त्यांच्या पायाशी वाकला तेव्हा त्यांनी प्रभाकरांना विचारलं, "ह्योच का?"

"हाच."

"माजं भात रस्त्यात पडलंय," ते सुहासला म्हणाले. "गुरां खातील." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

संध्याकाळी आम्ही पोलिसांकडे गेलो. सुहासनेच जायचं म्हटलं. हवालदारांनी विचारलं, वेग किती होता? एरवी कुठल्या पुलावर काटा कितीवर होता ते सांगणारा माझा भाऊ म्हणाला, "काट्याकडे बघितलंच नाही." मग त्यांनी प्रभाकरांना विचारलं, गाडी जोरात होती का? मला वाटलं, ते गप्प बसतील किंवा काही शब्द शोधतील. आयुष्यभर त्यांनी असले अहवाल लिहिले होते, शब्द त्यांना ठाऊक होते.

"होती," ते म्हणाले. "किल्ली मीच दिली. जोरात जाण्यासाठीच दिली. तेही लिहा."

परत आलो तर लहानूबाबांचा मुलगा आला होता. काशिनाथ आणि तो एकमेकांना ओळखत होते, पाडे शेजारी होते. तो सुहासच्या अंगावर धावून आला. काशिनाथ मधे पडला.

"त्याला नको बोलू. मी सांगला त्याला जोरात हान म्हणून."

"तुजी बायको वाचली," मुलगा म्हणाला. "माजा बाप लंगडा झाला."

काशिनाथने मान खाली घातली. प्रभाकर आणि सुहास इतकी वर्षं जे वाद घालत आले त्यातला एकही शब्द तिथे चालला नसता. मुलगा बापाच्या खाटेशी जाऊन बसला. थोड्या वेळाने काशिनाथने चहा आणला आणि त्यातला एक कप त्याच्यासमोर ठेवला. त्याने लगेच घेतला नाही, पण गार व्हायच्या आत घेतला.

पुढचं इथेच सांगून टाकते. केस झाली, सुहासने गुन्हा कबूल केला, शिक्षा म्हणून दंड झाला. लहानूबाबांचा पाय जुळला, पण चालताना जरा लचकतो. सुहास त्यानंतर बऱ्याचदा तिकडे गेला. कापणीला त्याचा काही उपयोग झाला नाही, पण त्यांना नाशिकला हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचं काम त्याने केलं. जयवंती त्याच आठवड्यात घरी गेली.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंतीने डोळे पूर्ण उघडले होते. आवाज अजून घोगरा, पण तिने मला ओळखलं. "आथा एकच दिसतंस," म्हणाली. डॉक्टरना मी विचारलं, की अजून थोडा वेळ लागला असता तर? त्या म्हणाल्या, "श्वास थांबायच्या बेतात होता. लवकर आणलंत ते बरं झालं." सुहास शेजारीच उभा होता. त्याने ऐकलं. त्याला त्याने बरं वाटलं की वाईट, ते त्याच्या चेहऱ्यावरून मला ओळखता आलं नाही.

मग तो लहानूबाबांच्या खाटेशी गेला. पाय प्लास्टरमध्ये, वर बांधलेला. मुलगा भात गोळा करायला गावी गेला होता. सुहास स्टुलावर बसला. बाबांनी विचारलं, "ती पोर बरी हाय?"

"आहे बाबा. चहा प्यायली."

"हां." त्यांनी छताकडे बघितलं. "मंग आथा जाशील तं हळू जा. घाई तिला व्हती. तुला कसली?"

गाडी सुहासनेच चालवली. प्रभाकरांनी विचारलं होतं, मी घेऊ का, पण तो नको म्हणाला. जव्हारचा घाट आम्ही अगदी हळू उतरत होतो. धुकं विरलं नव्हतं. मागून एक जीप हॉर्न वाजवत आली, दोन्ही बाजूंनी माणसं लटकलेली, मागच्या दाराला ताडपत्री. ती आमच्या अगदी मागे लागली आणि हॉर्न थांबेना. एरवी प्रभाकर त्या ड्रायव्हरला बेफिकीर म्हणाले असते, आणि सुहासने गाडी पुढे दामटली असती. सुहासने कडेची जागा बघितली आणि गाडी बाजूला घेऊन थांबवली. जीप गेली. आम्ही तिघंही माना उंचावून ताडपत्रीच्या फटीतून आत बघायचा प्रयत्न करत होतो. आत कुणी आडवं आहे का, कुणाच्या मांडीवर कुणाचं डोकं आहे का. काही दिसलं नाही. वळणामागून वळणावर तिचा हॉर्न खाली खाली जात राहिला, आणि तो ऐकू यायचा बंद होईपर्यंत सुहासने गाडी सुरू केली नाही.